टोकियोत जामीन कोण राहणार?

सुलतानपुरात माणूस कोण आहे हे कागद बघून ठरत नाही. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावर आमचं गाव आहे; लोणारचं सरोवर बघायला जाणारे इथूनच वळतात. एसटीतून उतरलेल्या पाहुण्यानं नुसतं बाबांचं नाव घेतलं तरी चहाच्या टपरीवरचं कुणीतरी उठून त्याला घरापर्यंत आणून सोडतं. माझ्या बी.एड.च्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं तेव्हा दोन जामीनदार लागले. एक बाबांचे वर्गमित्र, दुसरे आमच्या बांधाला बांध लागून असलेले काका. दोघांनी रक्कमसुद्धा विचारली नाही. "पोरीच्या शिक्षनाचं हाये ना, मंग आन इकडं," एवढंच म्हणाले आणि सही केली.

आता मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहते. भारतीय व्यवस्थापनाच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. अजून वर्ष पुरं झालेलं नाही, रोज काहीतरी नवं अडतं, आणि सगळं उलगडलंय असा माझा दावा नाही. पण मेहकर, लोणार, रिसोडकडची मुलंमुली कुठून तरी नंबर मिळवून विचारतात, "ताई, तिकडं लागायचं कसं?" फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही. शिकवता येतं की नाही हा प्रश्न या वाटेवर फार उशिरा येतो. त्याआधी जागोजाग एकच विचारणा होते: तुम्ही म्हणता ते खरं कशावरून, आणि तुमची हमी कोण घेणार?

शिक्षिका व्हायचं हे मी शाळेत असतानाच ठरवलं होतं. त्या ठरवण्यात परदेश कुठेच नव्हता. जिल्हा परिषदेची शाळा, शक्यतो आपल्याच तालुक्यात, आणि सुट्टीत सोयाबीन काढायला घरी. पण माझ्या पिढीच्या वाट्याला बंद दार आलं. राज्यात २०१२ पासून शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली. २०१७ च्या डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी झाली, भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. त्यानंतरची चाचणी थेट २०२३ साली. मधल्या वर्षांत डी.एड., बी.एड. होऊन किती मुलंमुली वय मोजत बसली, ते आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारावं. मी एका विनाअनुदानित शाळेत लागले. अनुदान येणार, मग पगार सुरू होणार, असं सांगितलेलं. माझ्याआधीचे सर कित्येक वर्षं हेच ऐकत होते. सकाळी शाळा करायचे आणि दुपारी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचे. अशा शाळांतले शिक्षक आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा उपोषणाला बसले आहेत. चांगले शिकवणारे लोक होते ते. मला याचा राग आहे आणि तो गिळून टाकावा असं वाटत नाही.

मग पुणे. सीबीएसईची शाळा, पगार वेळेवर, वर्गात इंग्रजी. २०२३ ची चाचणी तिथूनच दिली; गुण बरे पडले, पण माझ्या विषयात आणि प्रवर्गात यादी माझ्या वरच संपली. त्याच सुमारास स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ मॅडमनी, त्या मस्कतला शिकवून आलेल्या, मला बाहेरच्या शाळांचा नकाशा समजावून दिला. तोवर 'इंटरनॅशनल स्कूल' ही मला एकच गोष्ट वाटायची. तसं नसतं. एका बाजूला आयबी किंवा केंब्रिज अभ्यासक्रमाच्या मोठ्या, महागड्या शाळा. त्यांची भरती सर्च असोसिएट्स, आयएसएस अशा संस्थांमार्फत चालते आणि तिथं आयबीचा अनुभव आधीच असलेला माणूस लागतो. दुसऱ्या बाजूला दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इथल्या भारतीय शाळा. यांना सीबीएसई माहीत असलेला शिक्षक हवाच असतो. तिसरीकडे नुसती इंग्रजी शिकवणारी केंद्रं, आणि त्यांच्या कित्येक जाहिरातींत अमुक देशांचाच पासपोर्ट हवा असं सरळ लिहिलेलं. तुम्ही इंग्रजी कशी शिकवता हे बघायच्या आधीच दार लागतं. गणिताला ही अट सहसा नसते. गणित शिकले याचं समाधान मला तेव्हा वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं.

एजंटाचाही एक फोन आला. आखातात नक्की नोकरी, आधी नोंदणीचे पैसे भरा, व्हिसाचे वेगळे. मॅडमनी आधीच बजावलं होतं. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, नाव ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतं, आणि सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. मी नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडून फोन कट झाला. गावाकडच्या पोरांनी दुसरं काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, हे ठेवावं. बापाची जमीन गहाण टाकून असल्या माणसाला पैसे दिलेली घरं मी पाहिली आहेत.

टोकियोची जाहिरात त्याच मॅडमच्या ओळखीतून कळली. तिथं भारतीय शाळा आहेत हेच मला नवं होतं. इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान २००४ साली सुरू झाली, ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६ साली. पुढे आणखी काही. जपानी शाळांचं वर्षही एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणून सीबीएसईचं वेळापत्रक तिथं आपोआप जुळतं. मी अर्ज केला आणि त्यांनी ऑनलाइन पाठ घ्यायला सांगितलं. अर्धा तास, इयत्ता सातवी, वर्तुळ. त्यांचे सकाळचे साडेनऊ, म्हणजे आपले सहा.

पाठाचा आराखडा आधी पाठवायचा होता. त्या नमुन्यात पहिलाच मोठा रकाना होता: विद्यार्थी काय करतील. शिक्षक काय करतील हा त्याच्या खाली, लहान. मी त्या रकान्यापुढे बराच वेळ बसून राहिले. मग लोणार घेतलं.

उल्का आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये झालेला तो खड्डा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आहे. पडद्यावर मी वरून काढलेलं छायाचित्र लावलं आणि विचारलं, "मधे खारं पाणी आहे, भोवती झाडी आहे, दोरी धरून आरपार जाता येत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत किती अंतर, ते कसं काढाल?" विद्यार्थी म्हणून समोर तीन शिक्षक बसलेले. थोडा वेळ कुणी बोललं नाही. ती शांतता भरून काढायचा मोह मी आवरला. मग एक जण म्हणाला, काठावरून चालत जाऊ, पावलं मोजू. तिथून पाठ चालू लागला. किती पावलं, पाऊल किती लांब, काठ सगळीकडे सारखा गोल आहे का, नसेल तर चूक किती पडेल. परीघ साडेपाच-पावणेसहा किलोमीटरच्या घरात आला, त्याला पायनं भागलं, आणि १.८ च्या जवळ येऊन आम्ही थांबलो. शेवटी विज्ञानाच्या शिक्षिकेनं खड्ड्याचं वय विचारलं. पूर्वी ५२ हजार वर्षं धरत, नंतर आरगॉन पद्धतीनं ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं, असे दोन्ही आकडे मी सांगितले. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: दोन पद्धतींत एवढा फरक का पडतो हे मुलांकडून कसं शोधून घ्याल? त्यावर आम्ही पाठाच्या वेळेपेक्षा जास्त बोललो. ते बोलणं मला फार आवडलं. आपल्या घराशेजारची गोष्ट जगातल्या कुठल्याही वर्गात ठेवता येते, एवढा धीर त्या सकाळी आला.

निवड झाली आणि खरी दमछाक सुरू झाली ती कागदांची. जपानमध्ये नोकरीसाठी जायचं तर आधी तिथल्या शाळेनं इमिग्रेशनकडे अर्ज करून तुमच्या नावाचं पात्रता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्याला महिना ते तीन महिने लागतात. ते हाती आलं की मुंबईत व्हिसाचा अर्ज, आणि प्रमाणपत्र निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये दाखल व्हायचं. शाळेनं मागितलं: पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आधीच्या प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र, फोटो ४ बाय ३ सेंटिमीटर. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची पदवी होतीच. पण गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं; पासपोर्टवर वेगळा क्रम; आणि बाबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एका 'ए'नं, दुसऱ्यावर दोन 'ए'नी. कागदांवर माझी एकटीची तीन माणसं झाली. हे आपल्याकडे घरोघरी आहे. ज्यांना पुढेमागे जायचं आहे त्यांनी दहावीच्या गुणपत्रिकेपासून स्पेलिंग एकसारखं करून घ्यावं.

अनुभवपत्रासाठी मी जुन्या विनाअनुदानित शाळेत गेले. तिथं आढेवेढे झाले. पगारपत्रकावर जे दाखवायचं आणि जे प्रत्यक्ष दिलेलं, त्यात अंतर होतं, म्हणून लिहून द्यायला कुणी तयार होईना. अखेर तिथल्या बाबूंनी, त्यांनाही बऱ्याच महिन्यांचे पैसे मिळालेले नव्हते, स्वतः टाइप करून पत्र आणलं. जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही. नोकरीची सुरुवात कधी, शेवट कधी, विषय कोणता, एवढंच तीन ओळींत. "पगाराचं नाही लिहिलं ताई, पण तुम्ही शिकवलं हे तर खरं हाये," ते म्हणाले. त्या तीन ओळी इंग्रजीत करून टोकियोला गेल्या आणि इमिग्रेशनच्या टेबलावर माझ्या वतीनं बोलल्या.

नारिता विमानतळावर निवास कार्ड हातात मिळतं. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात जाऊन त्यावर पत्ता लिहून घ्यायचा. पत्ता हवा तर घर हवं. घरासाठी बँकेचं खातं आणि फोन नंबर लागतो. खात्याला पत्ता आणि फोन नंबर लागतो, आणि काही बँका सहा महिने पूर्ण होईपर्यंत नव्या परदेशी माणसाला पूर्ण खातं देतच नाहीत. फोनच्या दुकानात पुन्हा कार्ड आणि खातं. पहिल्या आठवड्यात मी या गोलात फिरत होते. शाळेनं तात्पुरती खोली दिली होती म्हणून तिचा पत्ता लावून त्यातून बाहेर पडले. अर्जातल्या नावाच्या चौकोनांत माझं, बाबांचं नाव आणि आडनाव मावत नव्हतं. खिडकीवरची बाई चौकोनांच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरांत उरलेलं नाव लिहून देत होती, आणि दर अक्षराला माझ्याकडे बघून खात्री करत होती.

घराचं मात्र सविस्तर सांगायला हवं. टोकियोत खासगी घर घ्यायचं तर अनामत, मालकाला द्यायची, परत न मिळणारी भेटरक्कम, दलाली, विमा, कुलूप बदलायचे पैसे, असं करत चार-पाच महिन्यांचं भाडं दारातच जातं. त्यावर जामीनदार. तो जपानमध्ये राहणारा, कमावता हवा. नसेल तर जामीन राहणारी कंपनी असते. ती पैसे घेऊन तुमची हमी देते, आणि देण्याआधी तुमची चौकशी करते. हे सगळं जुळलं तरी परदेशी भाडेकरू नको म्हणणारे मालक आहेतच. २०१७ साली जपानच्या न्याय मंत्रालयानं पाहणी प्रसिद्ध केली. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. दलाल माझ्यासमोर मालकाला फोन लावायचा, थोडं बोलायचा, आणि फोन ठेवताना रिकाम्या हवेला वाकून नमस्कार करायचा. त्या वाकण्यावरूनच मला उत्तर कळायला लागलं.

मला पुण्यातली खोली आठवत होती. तिथं पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा जेवणाचा, तिसरा 'एकट्याच राहणार का?' माझ्याच राज्यात, माझ्याच भाषेत. म्हणून टोकियोचा नकार मला तितका परका वाटला नाही. दोन्हीकडे माणूस बघायच्या आधी यादी बघतात.

वाट निघाली ती यूआरच्या घरांमुळे. ही सरकारच्या पाठबळावर चालणारी गृहसंस्था. भेटरक्कम नाही, दलाली नाही, जामीनदार नाही. साधारणपणे पगार भाड्याच्या चौपट आहे हे दाखवा, नाहीतर भाड्याच्या शंभरपट रक्कम खात्यात दाखवा. तोझाई लाइनवरच्या निशि-कासाईत आणि पलीकडे ओजिमात अशा इमारतींमध्ये भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, त्यामागे हे साधं कारण आहे. २००० सालच्या संगणकांच्या तारखांचा प्रश्न सोडवायला आलेले आपले इंजिनिअर या बाजूला आधी वसले, कारण बँकांच्या कचेऱ्या याच लाइनवर. त्यांना ना घर मिळत होतं ना शाकाहारी जेवण. चहाच्या व्यापारातले जगमोहन चंद्राणी तेव्हा तिथं बऱ्याच वर्षांपासून राहत होते. त्यांनी घरमालकांशी बोलणी केली, जेवणाची सोय केली, आणि वस्ती उभी राहिली. आज तिथल्या किराणा दुकानात मला ज्वारीचं पीठ मिळतं. एका माणसाच्या शब्दावर आधी काही लोकांना घरं मिळाली, म्हणून पंचवीस वर्षांनी माझ्या ताटात भाकरी येते, हे मी रोज मनात ठेवते.

यूआरच्या अर्जात जामीनदाराचा रकाना नव्हता, पण आणीबाणीत कुणाला कळवायचं हा होता. जपानमधला नंबर हवा. मी पेन हातात धरून थांबले, तर शाळेतल्या केरळच्या ज्येष्ठ शिक्षिकेनं तो कागद ओढून घेतला आणि स्वतःचं नाव, नंबर लिहून टाकला. माझी आणि त्यांची ओळख तेव्हा आठवडाभराचीही नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही. मी डोळे पुसले. त्यांनी बघितलं नाहीसं केलं.

इथं भाड्याचं घर म्हणजे नुसत्या भिंती. छताला दिवा नाही, गॅसची शेगडी नाही, पडदे नाहीत. पहिली रात्र मी मोबाइलच्या उजेडात काढली. गॅस चालू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तुम्ही घरी असावंच लागतं. त्यानं मीटर दाखवला: मोठा भूकंप झाला की गॅस आपोआप बंद होतो, मग अमुक बटण दाबून तीन मिनिटं थांबायचं. हे तो हातवारे करून इतक्या शांतपणे सांगत होता की भीती वाटायला मला नंतर वेळ लागला.

भूकंप म्हटलं की आमच्या घरात किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गेलेली हजारो माणसं. माझा जन्म त्यानंतरचा, पण आईनं इतकं सांगितलंय की ते माझंच वाटतं. आमच्या जुन्या घराच्या भिंतीही तशाच होत्या. त्यामुळे वर्गात पहिल्यांदा सगळ्यांच्या फोनवर एकदम इशारा वाजला तेव्हा माझे पाय जागच्या जागी थिजले. मुलं मात्र क्षणात बाकांखाली. दोन्ही हातांनी बाकाचे पाय घट्ट धरलेले, डोकं आत. सहावीतली एक मुलगी तिथूनच म्हणाली, "मॅडम, टेबल." मी टेबलाखाली गेले. खिडकीची तावदानं थरथरली, थांबली. मुलं उठली, वह्या उघडल्या आणि विचारू लागली, उदाहरण क्रमांक चार पूर्ण करायचं ना? मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि किल्लारीच्या, लातूरच्या, आपल्या सगळ्यांच्या शाळांत हा सराव रोजच्या प्रार्थनेइतका पक्का का नाही, याची चुटपुट लागून राहिली. ती अजून आहे.

पाण्याचंही तसंच. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डानं पुराचा नकाशा काढला आणि त्याच्या मुखपृष्ठावरच लोकांना लिहून टाकलं की इथं थांबू नका, बाहेर पडा. असं कुठलं सरकार आपल्याच गावाबद्दल लिहील, असं मला पहिल्यांदा वाटलं. मी पैनगंगेच्या मुलखातली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातून येऊन आता कुठल्या पुलावरून पलीकडच्या उंच भागात जायचं हे पाठ करते आहे.

वर्गात आल्यावर मात्र मला कुणी हमी मागितली नाही. मुलांना तुमची पदवी बघायची नसते. माझ्या वर्गात आयटीवाल्यांची भारतीय मुलं आहेत, नेपाळी आहेत आणि बरीच जपानीही. २००७-०८ च्या सुमारास जपानमध्ये भारतीय गणिताची मोठी लाट आली होती. भारतीय मुलं एकोणीस गुणिले एकोणीसपर्यंत पाढे म्हणतात म्हणून पुस्तकं खपली, आणि जपानी पालक भारतीय शाळांकडे वळले. ती लाट ओसरली, अपेक्षा राहिली. पालकसभेत एका जपानी आईनं मला थेट विचारलं, "तुमची पद्धत कोणती?"

पद्धत म्हणून माझ्याकडे आजोबा होते. चौथी शिकलेले. बाजारात भाव ऐकला की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी यांतून झटक्यात हिशेब सांगणारे. आमच्या पिढीनं ते पाढे सोडून दिले. मला पाऊणकी तेवढी येते, त्यांच्या शेजारी बसून येता-जाता ऐकलेली. अपूर्णांकांच्या गुणाकाराला मी ती वर्गात मराठीतच म्हणून दाखवली. पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन. मुलांनी ताल धरला. जपानी मुलांना तो ओळखीचा वाटला, कारण ती दुसरीत नवापर्यंतचे पाढे असेच सुरात पाठ करतात. मी विचारलं, चौथ्या पायरीला पूर्ण आकडा का आला? पुढचा पूर्ण आकडा कधी येईल? एक जपानी मुलगा फळ्याशी आला. बोलला काहीच नाही. त्यानं एक लांब पट्टी काढली, तिचे चार भाग केले, तीन रंगवले. तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी. मग प्रत्येक पट्टीतला रिकामा तुकडा बोटानं दाखवला: चार रिकामे, म्हणजे एक अख्खी पट्टी कमी. चारातून एक गेली, तीन. आजोबांना आठ पाऊण सहा होतात हे झोपेत येत होतं, पण ते का होतात हे त्या पोराच्या पट्ट्यांत मला पहिल्यांदा इतकं उघड दिसलं. दोन्ही हवं. नुसतं पाठ करणाऱ्या आपल्या वर्गांना पट्ट्या हव्यात, आणि पाठांतराला नाक मुरडणाऱ्या नव्या शाळांना आजोबा हवेत, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या आईला मी हेच सांगितलं.

एका रविवारी मेजिरोला जाऊन जपान महिला विद्यापीठाचं आवार बाहेरून बघून आले. १९०१ सालचं. याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं, आणि आज माझ्यासारखी मुलगी एकटीनं इथवर येते त्याचा एक धागा त्या पुस्तिकेत आहे. अलीकडचा धागाही आहे: ठाणे जिल्ह्यातून आलेले योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आले आणि २०२३ साली इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जपानी नागरिकत्व, भाषा, दोन दशकांहून जास्त वास्तव्य, एवढं त्यामागे आहे. भाषेला पर्याय नाही हे मला त्यावरून कळलं. शाळेत इंग्रजीवर निभतं. दवाखान्यात, वॉर्ड कार्यालयात, इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत निभत नाही. संध्याकाळी मी वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या वर्गाला जाते. शिकवणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि गृहपाठ तपासताना एक रेघ सोडत नाहीत. गणपतीत टोकियो मराठी मंडळाच्या उत्सवाला गेले तेव्हा आरती म्हणताना घसा भरून आला. तिथं भेटलेल्या दोन कुटुंबांकडे आता सणावाराला जाते.

फोन करणाऱ्यांना शेवटी मी हे सांगते. करारपत्र हाती आल्याशिवाय नोकरी सोडू नका. विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याची खोली, घराची अनामत यांतलं शाळा काय देते ते लेखी घ्या. पगारातून आयकर, आरोग्य विमा, पेन्शन कापलं जातं. भारत आणि जपानमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार २०१६ पासून लागू आहे, त्याची माहिती घ्या. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, त्याचे पैसे पहिल्या वर्षीच बाजूला काढा. येताना निदान तीन महिने तग धरता येईल एवढी रक्कम हवी. ती सावकाराकडून आणायची वेळ येत असेल तर आणखी एक वर्ष थांबा.

बाबा दर रविवारी फोनवर एकच विचारतात, पवित्रची पुढची जाहिरात निघाली तर काय करशील? माझ्या निवास कार्डाची मुदत तीन वर्षांची आहे. त्याआधी चाचणी लागली तर सुट्टी काढून येईन आणि देईन. विषय गणित, सहावी ते आठवी, पसंतिक्रमात पहिला जिल्हा बुलढाणा.